दोन मिलिमीटर घासण्याआधी

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: त्यांच्याकडे तीस वर्षांहून जुनी, 175 सीसीची एअर-कूल्ड टू-स्ट्रोक ट्रेल बाइक आहे. एक सिलिंडर, रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत सोडणाऱ्या पाकळ्यांची झडप), पाच गिअर, 24 मिलिमीटरचा कार्ब्युरेटर, दोन्हीकडे ड्रम ब्रेक. दगडधोंड्यांच्या चढावर, ओढ्यात, झाडीत गाडी छान चालते. पण प्रत्येक फेरीच्या शेवटी एक लांबलचक सपाट कच्चा रस्ता लागतो आणि तिथे मित्रांच्या गाड्या धुरळा उडवत निघून जातात. चौथ्या गिअरमध्ये इंजिन सात हजार आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) जातं, पाचवा टाकला की सहा हजारांवर अडकतं, वेग मात्र दोन्हीकडे तोच. एका जाणकार मित्राने चार कामं सुचवली आहेत: एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतलं, जळालेला वायू बाहेर सोडणारं भोक) 2 मिलिमीटर वर घासायचा, हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) 1 मिलिमीटर घासून उतरवायचं, 28 चा कार्ब्युरेटर बसवायचा आणि सायलेन्सर कापायचा. ग्राइंडर घरी येऊन पडला आहे. वाचक विचारतात, "यातलं आधी काय करू?"

नमस्कार,

चारांपैकी एकही नको. निदान आत्ता तरी नको. ग्राइंडर खोक्यातच राहू द्या, आपण त्याच्याकडे शेवटी येऊ.

तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहिलं आहे आणि मला सगळ्या पत्रात तेच मोलाचं वाटलं: चौथ्यात सात हजार, पाचव्यात सहा हजार, वेग तोच. तुमच्या जातीच्या ट्रेल इंजिनाची सर्वात जास्त ताकद साधारण सात हजारांच्या आसपास निघते. म्हणजे पाचव्या गिअरमध्ये तुमचं इंजिन स्वतःच्या ताकदीपर्यंत पोहोचतच नाही. जी ताकद आहे तीच वापरली जात नाहीये आणि तुम्ही आणखी मागताय. हा दोष पोर्टचा नाही, चेनच्या दोन टोकांना असलेल्या दातांचा आहे.

उपाय ऐकायला उलटा वाटेल. सपाटीवर जास्त पळायला गिअरिंग उंच नाही, खाली आणायचं. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) 15 दातांचं असेल तर 14 चं लावून बघा. गुणोत्तर सुमारे 7 टक्क्यांनी बदलतं, त्यामुळे आज ज्या वेगाला पाचव्यात सहा हजार दिसतात तिथे 6,400 च्या थोडे वर दिसतील. इंजिन शिखराच्या जवळ आलं की वेगही जरासा वाढेल. वर, पहिला गिअर आणखी खाली आल्यामुळे दगडी चढावर क्लच कमी दाबावा लागेल. अर्ध्या तासाचं काम आहे आणि नाही आवडलं तर जुनं स्प्रॉकेट परत लागतं. (पुढचं स्प्रॉकेट फार लहान केलं तर चेन स्विंगआर्मच्या रबरावर घासते. एक दात चालतो, दोन काढण्याआधी खाली वाकून बघा.)

आता एक गोष्ट तुम्हालाच विचारतो. "टॉप-एंड पॉवर" म्हणताना तुमच्या मनात नेमकं काय आहे? जास्त वेग, की वरच्या आरपीएमला जास्त ताकद? दोन्ही एकच आहेत असं आपण धरून चालतो. सपाटीवरच्या मोठ्या वेगात इंजिनाची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते आणि ती गरज वेगाच्या घनाने वाढते. 10 टक्के जास्त वेग हवा असेल तर सुमारे 33 टक्के जास्त ताकद लागते. तुमच्या मित्राची चारही कामं मनासारखी जमली तरी 33 टक्के निघतील यावर मी पैज लावणार नाही. हँडलवर छाती टेकवून, कोपरं आत घेऊन चालवलीत तर मात्र काही न खर्चता थोडा वेग हाती लागेल. मित्र हसतील, हसू द्या.

दुसरी गोष्ट तब्येतीची. तीस वर्षांत हेड एकदाही उघडलं नाही असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. मला ते वाचून धडकी भरली. तीस वर्षांचं टू-स्ट्रोक इंजिन कारखान्यातून निघालं तेव्हाची ताकद आज देत असेल, हे गृहीत धरण्याला काही आधार नाही. एक्झॉस्ट पोर्टच्या कडांवर काजळीचा थर चढतो आणि पोर्ट लहान होतो. सायलेन्सरच्या आतली नळी तेलकट काजळीने बुजत जाते. पिस्टनची रिंग झिजते. रीडच्या पाकळ्यांचे कोपरे उडतात किंवा त्या नीट बसत नाहीत. रीडचा पिंजरा उजेडासमोर धरा, पाकळी आणि बैठकीमध्ये उजेडाची रेघ दिसली तर पाकळ्या बदला. क्रँकच्या (पिस्टनच्या खालीवर हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही बाजूंची ऑइल सील कडक होतात. मॅग्नेटकडचं सील गेलं की इंजिन चोरून हवा ओढतं, मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं आणि पिस्टन तापतो. क्लचकडचं गेलं की गिअरबॉक्सचं तेल जळतं, धूर वाढतो आणि तेलाची पातळी कारण नसताना उतरत राहते. हे तपासायची जुनी पद्धत अजून सर्वात चांगली: इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करा, प्लगच्या भोकातून सायकलच्या पंपाने 6 पीएसआयपर्यंत (दाबाचं माप) हवा भरा आणि काटा काही मिनिटं जागेवर राहतो का बघा. घसरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा.

हे सगळं करून झाल्यावर अनेकांचं "ट्यूनिंग" तिथेच संपतं. हरवलेली ताकद परत मिळते आणि ती नवीन मिळाल्यासारखी वाटते.

आता मित्राच्या यादीकडे. एक्झॉस्ट पोर्टवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरी गंमत तिथे आहे.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या एका फेऱ्यात पोर्ट किती डिग्री उघडा राहतो हे सिलिंडरच्या भिंतीत कायमचं कोरलेलं असतं. डिग्री तीच राहते, पण आरपीएम वाढले की वेळ आटतो. समजा तुमचा एक्झॉस्ट पोर्ट 176 डिग्री उघडा राहतो. सात हजार आरपीएमला हे म्हणजे सुमारे 4.2 मिलिसेकंद. साडेआठ हजारांना ते 3.5 च्या आत. तेवढ्यात जळालेला वायू बाहेर जायचा आणि नवा आत यायचा. वेळ पुरत नाही, म्हणून वरती ताकद गळते. पोर्टचं छत वर घासलं की तो लवकर उघडतो, उशिरा बंद होतो आणि वेळ मिळतो. इथवर तुमचा मित्र बरोबर आहे.

50 मिलिमीटर स्ट्रोकच्या (पिस्टनच्या एका खेपेच्या अंतराच्या) इंजिनात तिथे 2 मिलिमीटर वर गेलं तर उघडण्याचा काळ सुमारे 9 डिग्रींनी वाढतो. 176 चे 185 होतात. ट्रेल इंजिनासाठी ही उडी मोठी आहे. आणि हे 2 मिलिमीटर कुठून आले? पिस्टन वर येताना पोर्ट बंद झाल्यावरच खरं कॉम्प्रेशन सुरू होतं. तिथून वरच्या टोकापर्यंत तुमच्याकडे जेमतेम 29 मिलिमीटर असतात, त्यातले 2 गेले. तेवढी ओढ खालच्या आरपीएममधून वजा होते. गोधडी डोक्यावर ओढली की पाय उघडे पडतात, तसलाच हा प्रकार. तुमचे पाय म्हणजे ते दगडी चढ, जिथे आज तुमची गाडी "छान चालते".

बरं, पाय उघडे पडले तरी डोकं झाकलं जाईल का? पाइप जुनाच ठेवला तर तेही नाही. टू-स्ट्रोकचा फुगीर पाइप नुसता धूर बाहेर नेत नाही. पोर्ट उघडताच निघालेली दाबलहर पुढे जाते, आधी पसरत्या शंकूतून जाताना मागे शोषणारी लहर पाठवते आणि सिलिंडर रिकामा करते. मग शेवटच्या आकसणाऱ्या शंकूवर आपटून परत येते आणि पोर्ट बंद व्हायच्या आत, बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. ही ये-जा वेळेवर झाली तरच फायदा, आणि वेळ ठरतो पाइपच्या लांबीवर. कागदावर करता येईल असं एक ढोबळ गणित आहे: एक्झॉस्टच्या डिग्री गुणिले 43,180, भागिले आरपीएम. उत्तर मिलिमीटरमध्ये येतं, पिस्टनपासून परतीच्या शंकूच्या साधारण मध्यापर्यंतचं.

तुमच्या गाडीवर लावून बघू. 176 डिग्री आणि सात हजार आरपीएम: सुमारे 1,086 मिलिमीटर. आता पोर्ट घासून 185 केला आणि पाइप तोच 1,086 चा ठेवला, तर पाइप कुठे लागू पडेल? 7,350 च्या आसपास. म्हणजे पोर्ट साडेआठ हजारांची तयारी करून बसलाय आणि पाइप साडेतीनशे आरपीएम वर सरकून थांबलाय. खालची ओढ गेली, वरची आली नाही. साडेआठ हजारांना जुळणारा पाइप सुमारे 940 मिलिमीटरचा लागेल, जवळजवळ 15 सेंटिमीटर आखूड. त्या पाइपबरोबर वेगळं जेट (कार्ब्युरेटरमधलं, पेट्रोल मोजून सोडणारं भोक) आणि कदाचित वेगळं इग्निशन. एक सुटी वस्तू बदलायला निघालेला माणूस शेवटी सगळंच इंजिन बदलतो.

हे कारखान्यांनाही ठाऊक होतं. 1968 साली आलेल्या डीटी-1 या ट्रेल बाइकसाठी यामाहाने जे रेसिंग किट विकलं, त्यात सिलिंडर, पिस्टन, हेड, कार्ब्युरेटर आणि एक्स्पान्शन चेंबर (तोच फुगीर पाइप) असा अख्खा संच होता. नुसता घासलेला सिलिंडर त्यांनी विकला नाही. त्याआधी पूर्व जर्मनीत एमझेडच्या वॉल्टर काडेनने पाइपच्या लहरींचा माग काढत 1961 पर्यंत 125 सीसीच्या रेसिंग इंजिनातून 25 हॉर्सपॉवर काढले होते, म्हणजे लिटरमागे 200. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेत पळून गेला आणि ते ज्ञान सुझुकीपाशी पोहोचलं. ती इंजिनं मात्र वरच्या एका अरुंद पट्ट्यातच जिवंत असायची. झाडीतल्या वळणावर त्यांचा काही उपयोग झाला नसता. गोधडीच लांब करायचा मार्ग पुढे निघाला: 1977 मध्ये यामाहाने ग्रां प्रीच्या गाडीत पॉवर व्हॉल्व्ह आणला, जो एक्झॉस्ट पोर्टचं छत आरपीएमप्रमाणे खालीवर करतो. तुमच्या मित्रांच्या नव्या गाड्यांमध्ये तो असेल, तर ही स्पर्धा मुळात बरोबरीची नाही आणि त्यात तुमच्या हाताचा काही दोष नाही.

हेड 1 मिलिमीटर उतरवण्याबद्दल मला थोडं कडक बोलावं लागेल. पिस्टन आणि हेड यांमधली फट आधी मोजा. सोल्डरची मऊ तार प्लगच्या भोकातून घालून, पिस्टन-पिनच्या रेषेत सिलिंडरच्या भिंतीला टेकवा, हाताने इंजिन एकदा फिरवा आणि चेपलेल्या तारेची जाडी मोजा. दोन्ही बाजूंना. ती 1.4 मिलिमीटर निघाली आणि तुम्ही 1 उतरवला, तर 0.4 उरतात. वरच्या आरपीएमला कनेक्टिंग रॉड ताणला जातो, बेअरिंगमधली फट त्यात मिळते आणि पिस्टन हेडला ठोकर देतो. तुमच्या आकाराच्या इंजिनात 1 मिलिमीटरच्या आसपास फट ही चांगली, सुरक्षित जागा आहे. आणि एक मेख अशी की हेड उतरवून मिळणारा फायदा खालच्या आणि मधल्या आरपीएमला जास्त दिसतो. कॉम्प्रेशन वाढलं की जाळातली जास्त उष्णता सिलिंडरमध्येच वापरली जाते, पाइपमधला वायू थंड पडतो, थंड वायूत लहर हळू चालते आणि पाइपचा सूर (तो ज्या आरपीएमला लागू पडतो तो) खाली येतो. तुम्हाला जायचं होतं वर!

28 चा कार्ब्युरेटर म्हणजे नाकापेक्षा मोती जड. 24 वरून 28 वर गेलं की भोकाचं क्षेत्रफळ 36 टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे त्याच आरपीएमला हवेचा वेग सुमारे पाऊणपट होतो. पेट्रोलचे बारीक थेंब उडवायला हवेला वेग लागतो. चढावर अर्धवट रेसवर गाडी भुकभुकायला लागेल. कार्ब्युरेटर बदलावासा वाटलाच तर 26 च्या पुढे जाऊ नका, तेही पाइप झाल्यावर.

सायलेन्सर कापल्याने गाडी वेगवान होत नाही, वेगवान ऐकू येते. कान फार लबाड असतात. शेवटच्या बारीक नळीचा व्यास आणि लांबी पाइपमधला दाब ठरवतात. ती मनमानी कापली तर परत येणारी लहर दुबळी होते, उलट फार बारीक ठेवली तर पिस्टन तापतो. शिवाय आवाजाच्या तक्रारींमुळे ट्रेल बंद होतात आणि त्या सगळ्यांसाठी बंद होतात.

मी हे सगळं शहाणपणातून सांगत नाही. ऐन उमेदीत मी एक धडधाकट सिलिंडर असाच एका दुपारी घासला होता. छत वर नेलंच, वर पोर्ट रुंदही केला, कारण कुणीतरी म्हणालं होतं की रुंदी म्हणजे फुकटची ताकद. पोर्ट बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) साठ-पासष्ट टक्क्यांपलीकडे रुंद झाला की रिंग त्यात फुगते आणि वर येताना कडेला अडकते. कडेला नीट उतार द्यायलाही मी विसरलो. पहिल्याच फेरीत रिंगचा तुकडा उडाला आणि पिस्टन, बोअर, हेड तिन्ही घेऊन गेला. गाडी मी चार किलोमीटर ढकलत आणली, त्या चार किलोमीटरांत पोर्टिंगबद्दल बरंच शिकलो.

मग तुम्ही करायचं काय? स्प्रॉकेट आणि तब्येत झाल्यावर एअर फिल्टर धुवा, त्याच्या डब्याचं तोंड बुजलेलं नाही ना बघा. मग मेन जेट. पाऊण ते पूर्ण रेसच्या पट्ट्यात कारभार त्याचाच असतो, म्हणजे तुमचा सपाट रस्ता त्याच्या ताब्यात आहे. मोठ्या जेटपासून सुरुवात करा, इतक्या की पूर्ण रेसवर गाडी जड होऊन गडगडेल. मग एकेक पायरी खाली या. गडगड थांबून स्वच्छ ओढ लागली की तिथेच थांबा, आणखी एक पायरी उतरायचा मोह टाळा. नवा प्लग लावून, पूर्ण रेसवर थोडं अंतर पळवून, तशीच बंद करून क्लच दाबा आणि प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीच्या तळाशी रंगाची कडी शोधा. एक चूक फार जण करतात: इंजिन वाचवायचं म्हणून पेट्रोलमध्ये तेल वाढवतात. त्याच जेटमधून तेल जास्त जातं म्हणजे पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण आणखी लीन. तेलाचं प्रमाण एकदा ठरवा (32 ला 1 असेल तर लिटरमागे सुमारे 31 मिलिलिटर) आणि जेट त्याला जुळवा.

यानंतरही हात शिवशिवले तर रीडच्या पाकळ्या बदला. वरच्या आरपीएमला मऊ पाकळ्या फडफडतात आणि वेळेवर मिटत नाहीत, किंचित ताठ फायबरच्या पाकळ्या ते थोपवतात. पुढची पायरी पाइपची. इथे तुमच्याच इंजिनासाठी बनलेला, साडेसात हजारांच्या आसपास सूर असलेला पाइप घ्या. रेसिंगचा, साडेनऊ हजारांचा घेऊ नका, तो झाडीत रडवेल. पाइप बदलला की जेट पुन्हा वरून जुळवायचं, हे विसरून पिस्टन जाम झालेले लोक मला दर काही महिन्यांनी लिहितात.

प्रत्येक बदलाच्या आधी आणि नंतर घड्याळ लावा. एकच जागा, तोच गिअर, चार हजारांपासून सात हजारांपर्यंत किती सेकंद, तीनदा मोजून सरासरी. एका वेळी एकच बदल. टू-स्ट्रोकवाले या बाबतीत फार बेशिस्त असतात आणि म्हणूनच कशाने काय झालं हे त्यांना कधी कळत नाही.

आणि ग्राइंडर? एखादा झिजलेला जुना सिलिंडर मिळवा आणि त्याच्यावर हात चालवा. पोर्टच्या नळीतले ओतकामाचे उंचवटे काढणं, पॅकिंग आणि पोर्टच्या तोंडाची कडा जुळवणं, कडांना उतार देणं ही कामं छताची उंची न बदलता होतात आणि त्यांचा थोडा फायदाही मिळतो. तुमचा चालता सिलिंडर घासायचाच असेल तर 0.5 मिलिमीटर, क्रँकला कोन मोजायची डिग्रीची चकती लावून, पाइप हातात आल्यावर. सात हजारांवरून साडेआठ हजारांवर गेलं की क्रँक आणि रॉडवरचा ताण जवळजवळ दीडपट होतो, तेव्हा तीस वर्षांच्या बेअरिंगांना आधी विचारून घ्या. पुढच्या ड्रम ब्रेकलाही.

त्या सपाट रस्त्याबद्दल एक विचारायचं राहिलंच. फेरी चार तासांची आणि तो रस्ता किती मिनिटांचा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दगडी चढावर पुढे कोण असतं, हेही नाही.

पुढच्या पत्रात मला तीन आकडे पाठवा: पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटचे दात, सोल्डरच्या तारेची दोन्ही बाजूंची जाडी, आणि 6 पीएसआय किती मिनिटं टिकले ते. पाइपचं बोलणं त्यानंतर करू.